लाठीमारानंतर दाद मागायची तर आधी हे करा

प्रश्न असा आहे: शांतपणे बसलेल्या धरण्यावर लाठीमार झाला, भावाच्या हाताचं हाड मोडलं, ठाण्यात तक्रार घेत नाहीत आणि गुन्हा मात्र आंदोलकांवरच दाखल झालाय. आता काय करायचं?

कोर्टाचं नंतर बघू, आधी सरकारी रुग्णालय गाठा. केसपेपरवर ‘पडून लागलं’ एवढंच लिहिलं गेलं, तर पुढे प्रत्येक सुनावणीत तेच तुमच्यासमोर धरतील. एमएलसी, म्हणजे दुखापतीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद, करायलाच लावा. कुणी, कशाने, कुठे मारलं हे त्यात आलं पाहिजे. लाठीचा वळ बहुधा रुळांसारखा दोन समांतर रेघांत उठतो, मधली कातडी फिकट राहते. नुसतं पडल्यावर सहसा असा वळ उठत नाही. तो दिसेनासा होण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून रोज फोटो काढा.

ज्या फोनवर व्हिडिओ काढला, तो विकू नका, रिसेट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली फाइल कमकुवत ठरते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे डिजिटल पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र मूळ फाइलवरून, हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झाला की बदलणारा तिचा सांकेतिक आकडा) करून घ्या. दुकानांच्या सीसीटीव्हीत जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं, तेव्हा प्रत आजच मागा. फुटेज आणि वायरलेस नोंदी जपून ठेवा, असं पत्र पोलीस अधीक्षकांना देऊन पोच घ्या.

हाड मोडणं ही गंभीर दुखापत, म्हणजे दखलपात्र गुन्हा, ज्यात पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो. एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, बोळवण होऊ देऊ नका. ठाण्यात नकार मिळाला तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४) खाली अधीक्षकांना टपालाने तक्रार, तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. आरोपी लोकसेवक असल्याने दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवू शकतात. त्यात वेळ जातो, आणि घात होतो तो इथेच: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये खटला भरायला घटनेपासून सहा महिन्यांची मुदत आहे, त्यानंतर घटनेपासून दोन वर्षांपर्यंत तो भरायला शासनाची पूर्वमंजुरी लागते. हे कृत्य कर्तव्याच्या कक्षेतलं नव्हतंच, असा युक्तिवाद करता येतो, पण त्या भरवशावर थांबू नका. मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची मुदत घटनेपासून एक वर्षाची.

भरपाईसाठी उच्च न्यायालयात रिट, म्हणजे मूलभूत हक्कांसाठीची याचिका. दिल्लीतल्या रामलीला मैदान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झोपलेल्या आंदोलकांवरच्या कारवाईबद्दल भरपाई द्यायला लावली होती. तो निकाल वकिलांना दाखवा.

‘तुमच्यावरचे गुन्हे मागे घेतो, तुम्ही तक्रार सोडा’ असा निरोप येईल. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला कोर्टाची संमती लागते आणि तुमच्या तक्रारीचा त्याच्याशी काही संबंध नाही. अशा कुठल्याही कागदावर सही करू नका.