बॉक्सिंगमध्ये रेफरी दहापर्यंत मोजतो म्हणजे नेमकं काय मोजतो?

तुम्ही विचारलंय की एका जुन्या क्लिपमध्ये बॉक्सर तेरा-चौदा सेकंद खाली पडलेला दिसतो तरी रेफरी नऊवरच आहे, आणि दुसऱ्या लढतीत बॉक्सर सहालाच उठला तरी रेफरीने लढत थांबवली. पडलेला बॉक्सर दहाच्या आत उठला नाही तर हरतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. मग हे दहा आकडे कशासाठी?

मी जिल्ह्याच्या हौशी स्पर्धांमध्ये बरीच वर्षं टाइमकीपरच्या टेबलावर बसतोय. तिथून जे दिसतं ते सांगतो.

पहिली क्लिप बहुधा डेम्प्सी आणि टनी या हेवीवेट बॉक्सरांच्या लढतीची असावी. 22 सप्टेंबर 1927, शिकागोचं सोल्जर फील्ड, सातवा राउंड. टनी दोऱ्यांपाशी कोसळला आणि डेम्प्सी तिथेच जवळ रेंगाळला. नियम असा की समोरच्याला पाडलं की आधी लांबच्या न्यूट्रल कॉर्नरला (रिंगचा जो कोपरा दोघांपैकी कुणाचाच नसतो) जायचं, तोपर्यंत रेफरी मोजणार नाही. रेफरी डेव्ह बॅरी त्याला हात करून जायला सांगत राहिला. डेम्प्सी गेला तेव्हा बॅरीने ‘एक’पासून सुरुवात केली. टनी नऊला उठला, पुढे गुणांवर जिंकला. ते वाया गेलेले चार-पाच सेकंद डेम्प्सीनेच टनीला दिले. या नियमाची गरज का पडली, हे त्याच्याच 1919 च्या लढतीत दिसतं. अमेरिकेतल्या टोलेडोला तेव्हाचा जगज्जेता विलर्ड पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पडला. तो उठत असायचा आणि डेम्प्सी शेजारी तयारच उभा असायचा. अर्धवट उठलेल्या माणसाला मारणं यापेक्षा वाईट काही नाही, म्हणून नियम मला पूर्ण पटतो. पण आठव्या राउंडमध्ये डेम्प्सी क्षणभर पडला तेव्हा टनी कॉर्नरला पोचायच्या आत बॅरीने मोजायला घेतलं. तिथे मात्र बॅरी चुकलाच.

म्हणजे रेफरीचे दहा हे घड्याळाचे दहा असतीलच असं नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बॉक्सर पडला की टाइमकीपर लगेच सेकंद सुरू करतो आणि रेफरीने त्याचा आकडा ऐकून पुढे मोजायचं असतं. 11 फेब्रुवारी 1990 ला टोकियोत टायसनविरुद्ध लढताना डग्लस आठव्या राउंडला पडला, तेव्हा रेफरीने टाइमकीपरचा आकडा न उचलता स्वतःचं मोजलं. डग्लस नऊला उठला आणि दहाव्या राउंडला त्याने टायसनला झोपवलं. आरडाओरडा झाला, पण निकाल टिकला. बॉक्सर कानाने रेफरीचाच आकडा ऐकत असतो. ‘नऊ’ ऐकून उठलेल्या माणसाला ‘घड्याळात तर बारा झाले होते’ असं सांगणं अन्याय आहे.

आता तुमची दुसरी लढत, आणि खरा मुद्दा इथेच आहे. 17 मार्च 1990, लास व्हेगास, चावेझ विरुद्ध टेलर. टेलर तीनपैकी दोन जजेसच्या कार्डांवर पुढे होता, फक्त उभ्याने बारावा म्हणजे शेवटचा राउंड संपवायचा होता. तो पडला, सहाला उठला. रेफरी रिचर्ड स्टीलने आठपर्यंत मोजून विचारलं, ठीक आहेस ना? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. टेलर आपल्या कॉर्नरकडे बघत होता. स्टीलने लढत थांबवली तेव्हा दोन सेकंद उरले होते. आजही लोक त्याला शिव्या देतात. मी देत नाही.

कारण पहिले सात आकडे बॉक्सरचे आणि आठवा रेफरीचा. चारला उठलात तरी आठपर्यंत मोजणारच, हा नियम त्यासाठीच आहे. तेवढ्या वेळात रेफरी डोळे बघतो, पाय बघतो, बोलणं ऐकतो. 1 डिसेंबर 2018 ला लॉस एंजेलिसमध्ये वाइल्डरने फ्युरीला बाराव्या राउंडला पाठीवर सपाट पाडलं होतं. सगळ्यांना वाटलं, संपलं. रेफरी जॅक रीस शेजारी गुडघ्यावर बसून मोजत राहिला, फ्युरी नऊला उठला. रीसने त्याला बाजूला चालत जाऊन परत यायला लावलं. तो नीट चालला, लढत पुढे गेली, बरोबरीत सुटली.

आमच्याकडच्या एका स्पर्धेत कुमार गटातला एक पोरगा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) बसून पडला. मी दर सेकंदाला टेबलावर थाप देत होतो, रेफरी बोटं दाखवत मोजत होता, पोरगा चारलाच उभा. ग्लोव्हज वर, ‘ओके सर, ओके सर’. रेफरीने आठ म्हणून त्याला पुढे ये म्हटलं. तो आला, पण डावा पाय किंचित बाहेर टाकत, आणि नजर रेफरीच्या खांद्यावरून मागे कुठेतरी. रेफरीने दोन्ही हात हलवून लढत थांबवली. त्याच्या कोचने टेबलावर येऊन आम्हाला वाट्टेल ते सुनावलं, पोरगा कोपऱ्यात रडला.

संध्याकाळी जेवणाच्या रांगेत तो माझ्यामागे उभा होता. म्हणाला, ‘सर, माझी फाइट पहिल्याच राउंडला थांबली ना?’ थांबली होती तिसऱ्याला. मी त्याचं ताट खाली ठेवायला लावलं आणि त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी त्याच्या वैद्यकीय पुस्तकात तीस दिवस रिंगबंदी लिहिली आणि कोचला बोलावून घेतलं.