वाईट विचार आला म्हणजे दुरात्मा शिरला का?

सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि शब्दही जवळपास तेच असतात: "प्रार्थनेला बसलं की येशूला शिवी सुचते. पवित्र आत्म्याविरुद्ध पाप घडलं. आता क्षमा नाही, नरकच." विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा मंडळीतली सगळ्यांत भाविक असते. ज्याला देवाचं सोयरसुतक नाही, त्याला हा विचार छळतच नाही.

असंच एक उदाहरण, ओळख पटेल ते सगळं बदलून. मुलगी 19 वर्षांची, नर्सिंग शिकणारी. समुपदेशनाला आली तेव्हा आधी आईच बोलली. "मॅडम, शेजारचे म्हणत्यात लागिर झालंय. आमच्यात लागिर मानत न्हाईत, म्हणून प्रार्थनेला नेलं, तर तिथंबी म्हणाले दुरात्मा हाय." तीन उपास झाले होते, दोन रात्री जागून प्रार्थना झाली होती. उपाशी आणि जागरण झालेल्या डोक्यात नको ते विचार वाढतातच. ते वाढले की दुरात्मा हट्टी ठरतो, आणि उपासाचे दिवसही वाढतात.

मुलीला आधी एवढंच विचारलं: शिवी कानाने ऐकू येते, की मनात उमटते? "मनातच. माझाच विचार आहे, पण मला नको असलेला." हा फरक फार मोलाचा. कानाने आवाज येत असेल, सलग रात्री झोप नसेल, मरणाची भाषा असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. मानसिक त्रासात फोनवर मदतीसाठी 14416 हा सरकारी टेलि-मानस क्रमांकही आहे. भूत काढायच्या नावाखाली मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, मग ते मांत्रिकाने करो की प्रार्थना करणाऱ्याने. आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मानणाऱ्यांनी मत्तय 4:24 सावकाश वाचावं. तिथे भूतग्रस्त आणि फेफरेकरी वेगवेगळे मोजलेत. सगळे आजार एकाच खात्यावर टाकायची घाई त्या लेखकालाही नव्हती.

नरक आहे की नाही, हे ठरवणं समुपदेशकाचं काम नव्हे. पण डोळ्यांपुढे कोणता नरक येतो, ते विचारावं. हिच्या नरकात उकळत्या तेलाच्या कढया होत्या आणि सैतान झारा घेऊन उभा. तेलाची कढई बायबलात नाही. ती यमपुरीच्या चित्रांतली, कुंभीपाकातली. मत्तय 25:41 मध्ये अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठी तयार केलेला आहे. म्हणजे सैतान तिथला जेलर नव्हे, कैदी. येशूच्या तोंडी नरकासाठी येतो तो शब्द गेहेन्ना, यरुशलेमजवळचं हिन्नोमचं खोरं, जिथे मुलं आगीत बळी दिल्याचं यिर्मया संदेष्टा सांगतो. (तिथे कायम कचरा जळायचा असं व्यासपीठावरून सांगतात, तो दाखला मात्र इसवी सन 1200 च्या सुमाराचा.) तो अग्नी शब्दशः घ्यायचा का, यावर ख्रिस्ती विचारवंतांतही एकमत नाही.

मग मार्कच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय उघडला. अक्षम्य पापाचं वचन कोणाला उद्देशून आहे? यरुशलेमेहून आलेल्या शास्त्र्यांना. बरी झालेली माणसं समोर दिसत असताना, थंड डोक्याने, 'हे बालजबूलचं, भुतांच्या अधिपतीचं काम' म्हणणाऱ्यांना. तिसाव्या ओवीत कारणही दिलंय: येशूला अशुद्ध आत्मा लागलाय, असं ते म्हणत होते म्हणून.

"त्या रात्री ते शास्त्री रडले असतील का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग हसली. "नाही मॅडम. जेवून झोपले असतील."

इथे गोष्ट संपवायचा मोह होतो, आणि नेमकी इथेच चूक होते. पुढच्या आठवड्यात ती तिसावी ओवी दिवसातून चाळीसदा म्हणत होती. शिवी सुचली की ओवी, ओवी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. उत्तर बरोबर होतं, पण त्याचाही ताईत झाला होता. हिच्या भीतीचं मूळ नरकात नव्हतं, शंभर टक्के खात्रीच्या हट्टात होतं. त्यामुळे आणखी वचनं शोधून देण्यात अर्थ नव्हता.

म्हणून वही आली. पहिला आठवडा मनातल्या प्रत्येक 'सॉरी'ला एक रेघ, बाकी बदल काही नाही. रोजच्या साठ-सत्तर रेघा निघाल्या. मग विचार आला की घड्याळ पाहायचं आणि माफी पाच मिनिटांनी मागायची. पुढे पंधरा, मग तीस. भीती आधी चढते, मग आपसूक ओसरते. बहुतेकदा तीस मिनिटांनी माफीची आठवणही राहत नाही. घोटाळा होतो तो चोरट्या माफीने: ओठ न हलवता, किंवा आईला "मी वाईट नाही ना?" विचारून. आईला एकच वाक्य दिलं, "याचं उत्तर झालंय, पोरी." पाळकसाहेबांनीही तेच मान्य केलं; फोन आला की ते अभ्यासाची चौकशी करायचे. तरी जमत नसेल, तर गोळ्यांची लाज नको. या त्रासात (मंत्रचळ, इंग्रजीत ओसीडी) त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, दोन आठवड्यांत सोडू नयेत.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षरसाचा विधी, होतं. सोमवारी ती आली.

"विचार आला?"

"आला. पेला हातात असतानाच."

"मग?"

"घेतला. द्राक्षरस जरा आंबट होता."