सरदाराचा वाडा ‘संरक्षित’ झाला, तर तो सरकारजमा होतो का?

गावातला सरदारघराण्याचा वाडा राज्य संरक्षित स्मारक व्हावा असे तुम्हाला वाटते, पण तसे झाल्यास वाडा सरकारच्या घशात जाईल अशी भाऊबंदांना धास्ती आहे. त्यात तथ्य किती, असे आपण विचारले आहे.

तथ्य फारसे नाही. महाराष्ट्रात हे काम 1960 च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या अधिनियमानुसार चालते आणि केवळ संरक्षणाच्या घोषणेने मालकी बदलत नाही. वाड्याची देखभाल कोणी करायची, लोकांना आत केव्हा सोडायचे, अशा बाबींवर शासन मालकाशी करार करू शकते. बंधन येते ते पाडण्यावर आणि परवानगीविना फेरबदल करण्यावर. शासन आधी राजपत्रात आपला इरादा जाहीर करते, हरकतींसाठी दोन महिने देते आणि त्यानंतरच अंतिम अधिसूचना निघते. भाऊबंदांचे मन वळवायचे ते या दोन महिन्यांच्या आधी. नंतर प्रत्येक हरकत कागदावर येते आणि प्रकरण रेंगाळते.

मात्र घोषणा म्हणजे दुरुस्ती नव्हे. सिंदखेडराजाला निजामशाहीतले मातब्बर सरदार लखुजी जाधवराव यांचा राजवाडा संरक्षित आहे. जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून 12 जानेवारीला तिथे जनसागर लोटतो. पण मी एरवीच्या एका दुपारी गेलो, तेव्हा भव्य दरवाजातून आत शिरल्यावर माझ्याखेरीज जवळपास कोणी नव्हते. वास्तू उभी राहिली हे संरक्षणाचे श्रेय खरेच, पण तिथे कोणी राबता ठेवत नाही हेही तितकेच खरे.

याउलट उदाहरण कर्नाटकातले. 1957 ते 1961 या काळात लष्करप्रमुख असलेल्या जनरल थिमय्यांचे मडिकेरीतील ‘सनी साइड’ हे घर अनेक वर्षे चक्क आरटीओचे कार्यालय होते. (सेनापतीच्या घरात लायसन्ससाठी रांगा, ही आपल्याकडची खास गोष्ट!) पुढे ते दुरुस्त करून तिथे संग्रहालय उभारले गेले आणि 2021 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. म्हणून प्रस्तावातच वाड्याचा पुढे उपयोग काय करणार, हे लिहावे.

गावठाणातल्या वाड्याचा सातबारा सहसा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा किंवा मिळकत पत्रिका, सर्व वारसांची लेखी संमती आणि वाड्याची चारही बाजूंची छायाचित्रे जोडून प्रस्ताव राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे पाठवावा. निर्णय येईपर्यंत एक-दोन पावसाळे सहज उलटतात. तोवर भिंतीतले पिंपळाचे रोप वेळीच काढावे, धाब्याच्या पन्हाळी मोकळ्या ठेवाव्यात आणि जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करू नये, कारण त्यामागे ओल कोंडते आणि आतली वीट भुगा होऊन गळू लागते.