वाचकांचे प्रश्न : घर सोडता येत नाही, चित्रं होतील का?

प्रश्न (गुहागरहून एक भगिनी): लग्नाआधी मी आर्ट टीचर डिप्लोमा केला. आता सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, घराबाहेर पडणं होत नाही. मोबाईलवर फिनलंडच्या हेलेन शेर्फबेक या चित्रकर्तीने स्वतःचीच काढलेली चित्रं बघितली, तोंड पुसून टाकल्यासारखं, एक डोळा नीटच नाही. भीती वाटली पण परत परत बघत राहिले. ही चित्रं अर्धवट आहेत का? आणि गावात बसून, प्रदर्शनं न बघता कोणी चित्रकार होतं का?

उत्तर: ताई, अर्धवट अजिबात नाहीत. जिला हुबेहूब काढता येत होतं तिने मुद्दाम एकेक गोष्ट गाळत नेलेली चित्रं आहेत ती. म्हणून आधी तिचं तरुणपणचं काम बघा. १८८८ मध्ये ती इंग्लंडमधल्या सेंट आयव्ह्जला होती, आपल्या हर्णैसारखं मच्छीमार बंदर, तिथे तिने आजारातून उठलेल्या एका पोराचं चित्र काढलं. पोर वेताच्या खुर्चीत पांढऱ्या कपड्यात गुंडाळून बसलंय, केस विस्कटलेले, आणि मगमधली एक डहाळी धरून बघत बसलंय, तिला नुकती पालवी फुटतेय. बाकी कशाकडे लक्षच नाही त्याचं. या चित्राला १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ब्राँझ पदक मिळालं, आज ते हेलसिंकीच्या आतेनियम म्युझियममध्ये आहे. हे आजारपण तिला बाहेरून बघावं लागलं नव्हतं, चार वर्षांची असताना जिन्यावरून पडून तिचं कंबरेचं हाड मोडलं, ती जन्मभर लंगडत चालली, शाळेत जाता आलं नाही, आणि अकराव्या वर्षी थेट चित्रकलेच्या शाळेत गेली.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. १९०२ मध्ये तब्येतीपायी शिकवायची नोकरी सोडून ती आईला घेऊन ह्युविन्का नावाच्या रेल्वेच्या छोट्या गावात राहायला गेली. घरकाम, आईचं बघणं, आणि त्यातून उरेल तो वेळ चित्राला. मॉडेल कोण, तर आई, शिवणकाम करणारी बाई, शेजारपाजारच्या पोरी. वर्षानुवर्षं ती हेलसिंकीला फिरकली नाही आणि तिचं सगळ्यात नवं, सगळ्यात धीट काम इथेच झालं, पॅरिसला नाही.

पण म्हणून गावात बसलं की आपोआप होईल असं मी सांगणार नाही. आधी पॅरिस, फ्रान्समधलाच ब्रिटनी प्रांत असं तिचं बरंच बघून झालेलं होतं, आणि गावात आल्यावरही तिने दार लावून घेतलं नाही. परदेशी मासिकं, पुस्तकं यायची, चित्रकार मैत्रिणींशी पत्रं चालायची. १९१३ ला गोस्ता स्टेनमन नावाचा आर्ट डीलर तिला शोधत आला आणि पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं १९१७ ला, तेव्हा ती पंचावन्न वर्षांची! एवढी वाट बघायला लागली याचा मला अजून राग येतो. तुम्हाला मोबाईल आहे, सावर्ड्याला आर्ट कॉलेज आहे, तिथल्या कोणाशी तरी चित्रांबद्दल बोलणं चालू ठेवा, लाइक मिळवण्यासाठी नाही, चित्र दाखवून खरं मत ऐकण्यासाठी.

आणि तो पुसलेला चेहरा. ती रंग लावायची, पुसायची, खरवडायची, मग परत पातळ लावायची, कॅनव्हासचं विणकाम दिसेपर्यंत. १९१५ चं काळ्या पार्श्वभूमीवरचं स्वतःचं चित्र झूम करून बघा, गालाचा गुलाबी ठिपका आणि मागचं लाल भांडं, एवढाच काय तो ठळक रंग, आणि तरी नजर हलत नाही. सासूबाईंची हरकत नसेल तर त्यांचेच हात काढून बघा, आधी नीट सगळ्या सुरकुत्यांसकट, मग त्यातलं काय काढलं तरी चालतंय ते बघत बघत पुसा.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून एक निवृत्त शिक्षक): वय ७६, हात थरथरतो. आता ब्रश धरण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर: गुरुजी, आहे. हीच शेर्फबेक ८० पार केल्यावर, दुसऱ्या महायुद्धामुळे स्वीडनला सॉल्टशोबाडेनच्या हॉटेलात राहायला गेलेली, कॅन्सर झालेला, तिथे शेवटच्या दोन वर्षांत तिने स्वतःची वीसेक चित्रं काढली. जानेवारी १९४६ मध्ये ती गेली. त्यातली कित्येक चारकोल आणि वॉटरकलरमधली आहेत, रेषा थरथरलेल्या, आणि मला तर त्या तरुणपणच्या रेषांपेक्षा जास्त खऱ्या वाटतात. आरसा खिडकीच्या बाजूला ठेवा, जाड चारकोल घ्या म्हणजे बोटांत धरायला त्रास नाही, आणि आपल्याकडच्या पावसात कागदाला बुरशी लागते म्हणून काढून झालेली चित्रं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर श्रावण येईपर्यंत ठिपके पडलेले असतात.