रूममेट एमडी घेतोय, घरी सांगितलं तर केस होईल का?

सेकंड इयरच्या एका पोराचं पत्र आलंय. जुळे सोलापुरात कॉट बेसिसवर राहतो, ग्रुपमधी गांजा चालतो, यानं पण दोनदा ओढलाय. आता रूममेट एमडीवर, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या नशेच्या पावडरीवर गेलाय, दोन-दोन रात्री झोपत नाही, दात खातो, मेसचा डबा तसाच परत जातो. पोरं म्हणतात, "सगळेच करतात बे." आणि याला भीती ही की घरी सांगितलं तर पोलिस येतील.

बाळा, आधी ते "सगळेच" सोड. तुझ्या वर्गातली पोरं एकदा मोज की, किती घेतात ते. रोज त्याच चौघांत बसलं की तेच सगळं जग वाटायला लागतं.

गांजा ओढला म्हणून मी तुला झापणार नाही, तू खरं लिहिलंस तेच मला लई मोठं वाटतंय. पण एमडी म्हणजे गांजाची पुढची पायरी असलं काही समजू नको, ते वेगळंच प्रकरण आहे. केमिकल आहे ते, उतरायला लागलं की परत घ्यावंसं वाटतं, म्हणून पोरगं रात्रभर घेत बसतं आणि हृदयावर ताण येतो. २०२३ ला आपल्या चिंचोळी एमआयडीसीतच एमडीचा कारखाना पकडला होता, आठवतंय ना? त्या पुडीत काय काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

आता केसचं. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४ अ आहे. व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर नुसतं सेवन किंवा अगदी थोडा माल यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. विकणाऱ्याला ही सवलत नाही. आणि खोलीत माल ठेवू देऊ नको, माहीत असून ठेवू दिलास तर तू पण अडकशील.

त्याचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करून फी भरतात म्हणून सांगवत नाही, असं लिहिलंयस. कळतं रे मला. पण त्यांना दवाखान्यातून फोन यायच्या आत तुझ्याकडून कळलेलं बरं. आधी रूममेटशी बोल, तो शुद्धीत असताना, सकाळी, दोघंच असताना. १४४४६ वर फोन लाव, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे. मग त्याला सांगूनच घरी फोन कर, पाठीमागून नको.

छातीत दुखलं, झटके आले, अंग भाजायला लागलं तर मात्र कुणाला विचारत बसू नको, १०८ लाव आणि काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांग. नंबर आत्ताच सेव्ह कर. बोलणं झालं की मला लिही, मी वाट बघतेय.