अंगात त्राणच नाही, हा आळस आहे का?

नैराश्याने बेजार झालेली अनेक माणसं उदासीपेक्षा थकव्याबद्दलच जास्त बोलतात. माझ्याकडे उपचाराला आलेल्या चाळिशीतल्या एका शिक्षिकेचा अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. रात्री नऊ-दहा तास झोपूनही सकाळी त्यांना उठवत नसे. केस विंचरायचे, कुणाचा फोन घ्यायचा, अंघोळीला जायचं, सगळ्याचंच ओझं वाटे. घरचे प्रेमाने म्हणत, "जरा बाहेर पड, बरं वाटेल." तेवढंही जमत नाही म्हणून त्या स्वतःलाच दोष देत. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, हा खरंच आजार आहे, की मी आळशी झालेय?"

आजारच आहे. नैराश्याचं निदान करताना जी लक्षणं पाहतात, त्यांत थकवा हे एक प्रमुख लक्षण आहे. कामाचा कंटाळा आलेला माणूस काम टाळून आवडीचं काहीतरी करतो. नैराश्यात आवडीचंही करवत नाही. या बाईंना वाचनाचं वेड, पण कित्येक महिन्यांत त्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं. आळशी माणूस असा झुरत नाही.

तरीही सगळं मनावर ढकलून मोकळं होऊ नये. मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईडचा त्रास, कमी हिमोग्लोबिन, बी-१२ची कमतरता, मधुमेह, झोपेत श्वास अडखळणं, यांनीही असाच थकवा येतो. त्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यावर औषध सुरू झालं. म्हणून नैराश्य खोटं ठरलं नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात आणि दोन्हींवर उपचार करावे लागतात.

आमचं खरं काम पुढे सुरू झालं. त्या म्हणायच्या, "थोडी ताकद आली की सुरुवात करते." नैराश्यात याची वाट पाहत बसलं की माणूस अडकतो. काही केलं नाही की दिवस आणखी रिकामा जातो, मन आणखी खचतं आणि थकवा वाढतो. म्हणून इच्छा होण्याआधीच एखादी छोटी कृती करायची. या उपचारपद्धतीला आम्ही वर्तन-सक्रियता म्हणतो आणि नैराश्यात तिचा चांगला उपयोग होतो. कृती किती छोटी? अगदी वाईट दिवशीही जमेल एवढीच. त्यांची पहिली कृती होती, उठल्यावर खिडकी उघडून पाच मिनिटं उजेडात बसायचं. अंघोळ जमली नाही तर तोंड धुऊन कपडे बदलायचे, तेही चालेल.

वाईट दिवसांपेक्षा मला काळजी होती ती चांगल्या दिवसांची. एका रविवारी त्यांना बरं वाटलं, तर त्यांनी साचलेलं सगळं घरकाम एका दमात उरकलं. पुढचे काही दिवस अंथरुणात गेले आणि "बघा, माझ्याने होतच नाही" हा समज आणखी पक्का झाला. हे मी फार वेळा पाहिलंय. तेव्हा आम्ही ठरवलं की बरं वाटलं तरी ठरवल्यापेक्षा थोडंच जास्त करायचं आणि दमण्याआधी थांबायचं. मेहनती माणसाला हे थांबणंच सगळ्यांत अवघड जातं. त्यांनाही गेलं.

झोपेचं एकच सांगितलं, उठण्याची वेळ रोज तीच ठेवायची. दुपारी पडायचं झालं तर थोडाच वेळ, गजर लावून. घरच्यांना मी म्हटलं, "'फिरून ये' म्हणू नका, 'चल, मी येतो' म्हणा." त्यांचे यजमान खरोखर रोज सोबत निघू लागले. सुरुवातीला फक्त फाटकापर्यंत.

त्यांना मानसोपचारतज्ज्ञांनी औषधंही दिली होती. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच आपल्या मनाने बंद करू नयेत. आणखी एक गोष्ट घरच्यांना माहीत असायलाच हवी. कधी कधी मन सावरण्याआधी अंगात शक्ती येते. त्या काळात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर माणसाला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. मी तर हा प्रश्न प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत विचारते. विचारल्याने असा विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते.

या बाई आता पुन्हा शिकवतात, सध्या अर्धा वेळ. उदासी बरीच ओसरली, थकवा मात्र अजून रेंगाळतोय. असं पुष्कळांचं होतं. तोही डॉक्टरांना सांगायला हवा, कारण औषधाची मात्रा किंवा वेळ बदलून कधी कधी फरक पडतो.