झोपलेला उंदीर ठीक आहे, हे कसं ओळखायचं?

प्रश्न: मी प्रयोगशाळेच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये उंदरांची देखभाल करते. आता पिंजऱ्यांखाली सेन्सर बसवायचं ठरलंय. मी रोज सकाळी एकेक पिंजरा नीट बघते. मग मशीन कशाला? माझ्या नजरेवर भरवसा नाही का?

उत्तर: तुमच्या नजरेत खोट नाही, अडचण वेळेची आहे. उंदरांची धावपळ, खाणंपिणं बहुतेक अंधारात चालतं. तुम्ही येता तेव्हा ते गाढ झोपलेले असतात. त्यात हा शिकार होणारा प्राणी, माणूस दिसला की दुखणं लपवतो.

मी पशुवैद्य आहे. एका पिंजऱ्याखालच्या सेन्सरने काढलेला हालचालीचा आलेख अजून डोळ्यांसमोर आहे. दिवे मालवले की रोज रेघ वर चढायची, त्या रात्री ती तळाशीच राहिली. सकाळी गेले तर तिघी माद्या एकमेकींना बिलगून झोपलेल्या, केस तुळतुळीत. पाण्याची बाटली काठोकाठ भरलेली, म्हणजे बघणाऱ्याला हायसंच वाटावं. नळीच्या टोकाला बोट लावलं. थेंब येईना, नळीच्या आतली पाणी अडवणारी गोळी अडकली होती. सेन्सर नसता तर मीही पुढच्या पिंजऱ्याकडे वळले असते.

पिंजऱ्याखालच्या सेन्सरला उंदराच्या हालचालीने विद्युतक्षेत्रात होणारा बदल कळतो. उंदराला हात लावावा लागत नाही. मात्र रेघ सगळ्यांची मिळून असते. तिघींपैकी एकच आजारी असेल तर ती दोघींच्या धावपळीत झाकली जाते. तेव्हा इन्फ्रारेड कॅमेरा, नाहीतर कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप लागते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पिंजरा बदलण्याच्या दिवसाने. स्वच्छ पिंजऱ्यात टाकलं की भर दिवसा रेघ उसळते. आपल्या वासाचं घर गेल्यामुळे ते झोप सोडून हुंगत फिरतात. म्हणून जुन्या घरट्यातला कोरडा कागद मूठभर नव्या पिंजऱ्यात टाकत जा. नरांमधली मारामारीही त्याने कमी होते. उचलताना शेपटी धरू नका, नळकांड्यात येऊ द्या किंवा दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या.

आणि घरटं बघणं सोडू नका. खोली २०-२४ अंशांवर असते, तेवढं आपल्याला बरं वाटतं. स्वस्थ बसलेल्या उंदराला ३० अंशांच्या आसपासची ऊब हवी असते. पिंजऱ्यात ८-१० ग्रॅम कागदाच्या पट्ट्या असल्या तर तो घुमटासारखं घरटं बांधतो. घरटं विस्कटलेलं, पट्ट्या न कुरतडलेल्या, तर काहीतरी बिनसलंय. ते सेन्सरला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

सकाळी आधी रात्रीचा आलेख बघा, रेघ खचलेले पिंजरे पहिले उघडा, मग नेहमीची फेरी. आणि अलर्ट कुणाच्या फोनवर येणार, ते आजच विचारा. नुसत्या ऑफिसातल्या संगणकावर येणार असेल तर हट्ट धरा, तुमच्याही फोनवर हवा. सुट्टीच्या दिवशी कोण येणार, तेही लिहून घ्या.